दोन्हीकडचं रक्त

ईट गावात कुणी शेळी बघायला आलं, की आधी तिचे दात बघतं, मग कास बघतं. सारजाबाईच्या दारात आलेल्याला मात्र आधी ऐकून घ्यावं लागतं. ही पाट, म्हणजे तरणी शेळी, कुणाची, तिची आई किती वेळा जुळी व्याली, आजीला दूध किती होतं, बोकड कुठल्या गावचा होता, हे सगळं ती बाजेवर बसून, नजर शेळीवरच ठेवून सांगते. अडुसष्टाव्या वर्षी तिला कालची भाजी आठवत नाही, पण तीस वर्षांमागच्या शेळीची नात कुणाच्या घरी गेली ते आठवतं. पत्र्याच्या शेडमध्ये पंचवीस-तीस शेळ्या, बहुतेक काळ्याभोर, लांब कानांच्या. नवरा धोंडीबा वारल्यावर मुलगा रणधीर म्हणाला होता, आता विकून टाकू.  ती पुढच्या बाजारातून आणखी एक गाभण शेळी घेऊन आली.

तिचे काही नियम होते. दर दोन वर्षांनी बोकड बदलायचा. बोकड त्याच्याच लेकींवर जाऊ द्यायचा नाही, बहिणींवरही नाही. शेजारपाजारचे हसायचे.

"सारजाक्का, शेळीला कशाला नातीगोती?"

"तुला न्हाईत म्हणून तिलाबी नसावीत व्हय?"

घरातली नाती तिनेच जुळवलेली. एकवीस वर्षांपूर्वी रणधीरला मुलगी झाली, निकिता. बारशाला सारजाबाईची मुलगी शिवकन्या माकणीहून आली होती, कडेवर तीन वर्षांचा कुलदीप. पाळण्याच्या दोरीला हात लावून सारजाबाई चारचौघींत म्हणाली, "ही कुलदीपची." भावाच्या मुलीवर बहिणीच्या मुलाचा पहिला हक्क, त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. बायकांनी एकमेकींच्या तोंडात साखर घातली. तो शब्द मुलांबरोबर वाढत गेला. गेल्या दिवाळीनंतर साखरपुडा झाला, वैशाखातली तारीख धरली. कुलदीप लोहाऱ्यात ठिबकच्या दुकानात कामाला होता. रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्याचा निकिताला फोन यायचा आणि ती फोन घेऊन शेडच्या मागे जायची.

माघात कॉलेजात मुलींचं रक्त तपासायला डॉक्टर आले. निकिताचं कमी भरलं. आधीही भरायचं, लोहाच्या गोळ्या वर्षभर खाऊन झाल्या होत्या, काटा हलला नव्हता. या वेळच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या बदलून दिल्या नाहीत. वेगळी बाटली भरून घेतली आणि धाराशिवला पाठवली. पंधरा दिवसांनी निरोप आला, आईवडिलांचंही रक्त द्या. तेही दिलं. मग बोलावणं आलं, सगळे या.

निकिताच्या आईने भाकरी बांधून दिली पण ती गेली नाही. गेले तिघं. रणधीर, निकिता आणि सारजाबाई. "मला कशाला?" असं म्हणत म्हणतच ती एसटीत चढली होती.

धाराशिवच्या सरकारी दवाखान्यात एका अरुंद खोलीत हर्षाली नावाची मुलगी बसली होती. समजावून सांगायचं, हेच तिचं काम. वय असेल अठ्ठावीस-तीस. तिने तीन कागद टेबलावर ओळीने मांडले.

"निकिताच्या आईचं रक्त व्यवस्थित आहे. निकिता आणि काका, तुमच्या दोघांच्या रक्तात थॅलेसेमिया मायनर आहे. घाबरू नका. तुम्हा दोघांना काही होणार नाही. लोहाच्या गोळ्या आता बंद करा, त्यांचा उपयोग नाही."

"मग हाय तरी काय?" रणधीरने विचारलं.

हर्षालीने पाठकोऱ्या कागदावर दोन उभ्या रेघा काढल्या. "शरीरात काय कसं बनवायचं ते ठरवणारी जनुकं असतात. डोळ्याचा रंग, केस, रक्त, सगळं. ती जोडीनं असतात. जोडीतलं एक आईकडून येतं, एक वडिलांकडून. निकिताच्या जोडीत रक्ताचं एक जनुक बिघडलेलं आहे." तिने एक रेघ गिरवली. "दुसरं चांगलं आहे. ते एकटं काम निभावून नेतं. म्हणून ती धडधाकट आहे. बिघडलेलं लपून राहतं. अशा माणसाला आम्ही वाहक म्हणतो."

"वाहक? एस्टीतला?"

हर्षाली हसली. "तसंच धरा. स्वतःला त्रास नाही, पण गाठोडं पुढच्या गावाला पोचवतो. तुमच्याकडून निकिताकडे पोचलं."

निकिता खाली बघत होती. हर्षालीने विचारलं, "लग्न ठरलंय का हिचं?"

"वैशाखात हाय," रणधीर म्हणाला. "घरातच. बहिणीचा मुलगा."

हर्षालीने पेन खाली ठेवलं. 

"सख्ख्या बहिणीचा?"

"सख्ख्या. पर चुलत न्हाय, बाई," सारजाबाई मध्येच म्हणाली. "चुलत असता तर आमीच केलं नसतं. ह्यो आत्याचा. त्यांचं देवक वेगळं, कूळ वेगळं. लेक दिली की ती तिकडची झाली."

"आजी, देवक बापाकडून येतं. रक्त दोन्हीकडून येतं." हर्षाली आवाज न चढवता बोलत होती. "तुमच्यात किंवा आजोबांत हे होतं म्हणून काकांत आलं. मग त्यांच्या बहिणीतही आलेलं असू शकतं. आणि तिच्यातून मुलात."

तिने आता चार चौकटी काढल्या. दोघंही वाहक असले तर बाळाला काय मिळू शकतं ते त्यांत लिहिलं. एका चौकटीत दोन्ही चांगली. दोन चौकटींत एक चांगलं, एक बिघडलेलं. चौथ्या चौकटीत दोन्ही बिघडलेली. त्या चौकटीवर तिने बोट ठेवलं.

"हे बाळ जन्मताना छान दिसतं. पाच-सहा महिन्यांनंतर पांढरं पडायला लागतं. त्याला रक्त बनवताच येत नाही. दर महिन्याला बाहेरून चढवावं लागतं, जन्मभर."

"म्हंजे चार लेकरांत एक?"

"नाही काका. प्रत्येक वेळी चार चिठ्ठ्यांतली एक नव्यानं उचलायची. पहिलीच वाईट निघू शकते. चारही वेळा चांगली निघू शकते." मग ती सारजाबाईकडे वळली. "आजी, तुमच्या घरात, माहेरी-सासरी, कुणाचं मूल असं लहानपणी गेलंय का? पांढरं पडून, पोट फुगून?"

सारजाबाईने पदर सारखा केला.

"न्हाय," ती म्हणाली.

"नीट आठवा."

"न्हाय म्हणले की, बाई."

हर्षालीने तसं लिहून घेतलं. कुलदीपचं रक्त लग्नाआधी तपासलंच पाहिजे, एवढं तिने तीनदा सांगितलं. कुलदीप वाहक नसेल तर कसलीच काळजी नव्हती, खुशाल लग्न करा.

बाहेर पडताना एका लांब खोलीचं दार उघडं होतं. आत खाटांवर मुलं होती, प्रत्येकाच्या हाताला नळी, वर रक्ताची पिशवी. दाराजवळच्या खाटेवर आईच्या मांडीत दोनेक वर्षांचा मुलगा बसला होता. कपाळ पुढे आलेलं, ओठ राखेसारखे, सदऱ्याखाली पोट टणक वर आलेलं. तो मोबाइलमध्ये काहीतरी बघून हसला. सारजाबाई दारातच थांबली. निकिताला वाटलं, आजीला चक्कर आली. तिने दंड धरला तर तो थंड होता.

"चल," सारजाबाई म्हणाली. "गाडी चुकंल."

त्याच संध्याकाळी रणधीरने माकणीला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर केला. शिवकन्याचा आवाज अंगणभर पसरला.

"कुलदीपचं रक्त? कशाला?"

"अगं, लग्नाआधी दोघांचं बघायचं म्हणत्यात. सुईएवढं काम हाय."

"दादा, खरं सांग. पोरीत काय निघालंय?"

रणधीरने सांगायचा प्रयत्न केला. जोडी, चांगलं, बिघडलेलं. ऐन वेळी त्याला चार चौकटी नीट आठवेनात.

"म्हंजे खोट पोरीत निघाली आन दवाखान्यात उभा करायचा माझ्या पोराला?" शिवकन्या म्हणाली. "त्याला काय धाड भरलीया? शंभर किलोचं पाइपाचं भेंडोळं एकटा उचलतो."

"माझ्यातबी निघालंय ते. तू माझी पाठची बहीण हायस."

"मी ह्या घरची झाले त्याला पंचवीस वर्षं झाली. तुझं तुझ्यापाशी ठेव. मामंजींच्या कानावर जरा काय गेलं तर लगेच म्हणतेत, दुसरी पोरगी बघू, लई पडल्यात. त्यास्नी मीच आवरते. तू आणखी रक्ताबिक्ताचं काढू नगंस."

फोन बंद झाला. निकिता उठून आत गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी कुलदीपचा फोन वाजला तेव्हा तिने तो उचलला नाही. वाजून वाजून थांबला.

त्यानंतरचे दिवस सारजाबाईने कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. शेरडांच्या पुढे शेवरीचा पाला टाकून झाला तरी ती तिथेच उभी राहायची. शेळी अशक्त वाटली की तिची खालची पापणी ओढून आतला रंग बघतात. लाल असली तर ठीक, पांढरी असली तर औषध. एका सकाळी निकिता भांडी घासत होती, सारजाबाईने जाऊन तिचा चेहरा वर केला आणि अंगठ्याने पापणी खाली ओढली.

"आजी! मी शेळी हाय का?"

"गप. वर बघ."

पापणीच्या आत फिकट गुलाबी होतं. सारजाबाईने दुसराही डोळा बघितला.

तिच्या मनात दोनच गोष्टी होत्या आणि त्या एकमेकींना बसू देत नव्हत्या. बोललं तर निकिताचं लग्न मोडणार, तेही आपल्या तोंडाने. वैशाखावर आलेलं लग्न मोडलेल्या मुलीकडे लोक कसं बघतात, ते तिने बघितलं होतं. आणि न बोललं तर? तर त्या खाटेवर निकिता बसलेली दिसायची, मांडीवर मूल घेऊन. कधीकधी वाटायचं, कुलदीपमध्ये नसेलच. नसेल तर कसलीच काळजी नाही, हर्षालीच म्हणाली होती. मग ती त्या 'नसेल'ला धरून भाकरीचा एक तुकडा खायची.

तिचं मौन मोडणारी गोष्ट शेवटी शेडमध्येच घडली. पाथरूडचा एक माणूस टेम्पोतून बोकड घेऊन आला. दीड वर्षाचा, उंच, छाती भरलेली, आणि डोक्यावर शिंगं नाहीत. जन्मतःच बिनशिंगी. अशा जनावराला भुंडं म्हणतात. ते भांडत नाही, दुसऱ्याला इजा करत नाही, म्हणून पुष्कळांना आवडतं.

"अक्का, असला गरीब बोकड जिल्ह्यात गावणार न्हाय. घ्या ठिवून."

सारजाबाईने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "चांगला हाय. पर मला नगं. माझ्या निम्म्या शेळ्या भुंड्या हायत्या."

"मग काय झालं?"

"भुंड्याला भुंडी लावायची न्हाय."

"का वं? शास्त्र हाय का काय?"

"तू लाव तुझ्या घरी, मग तुला शास्त्र कळंल."

टेम्पो गेला. निकिता पाण्याची बादली घेऊन मागे उभी होती. "आजी, का लावायची नाही?"

"पाटी नासत्यात. समद्या न्हाय. चार पाटींत एखादी. दिसायला मादी, पर कधी माजावर येत न्हाय, कधी गाभ धरत न्हाय. ना बोकड ना शेळी."

"पण भुंडी शेळी तर चांगली असती. आपली टिकली भुंडीच हाय, दर वेताला दोन देती."

"एकलीत काय खोट न्हाय. शिंगाळ्या बोकडाला लावली की काय व्हत न्हाय. दोन्हीकडनं भुंडं आलं की मग..."

ती थांबली. निकिताने बादली खाली ठेवली. मग काडी घेऊन जमिनीवर, लेंड्या बाजूला सारून, एक चौकट काढली. तिचे चार भाग केले. त्यातल्या एकावर काडी टेकवली.

"चारांत एक," ती म्हणाली. "त्या मॅडमनी हेच काढलं होतं. हेच, आजी. तू हे कवापास्नं पाळतीस?"

"लगीन हून आले तवापास्नं. माझ्या सासूनं सांगितलं."

"शेळीच्या येळंला आई बघतीस, बाप बघतीस, आजी बघतीस." निकिताचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "मग माझ्या येळंला का नाही बघितलंस?"

सारजाबाई बाजेवर बसली.  मग तिने सांगितलं. निकिताला आणि तिच्या मागे येऊन उभ्या राहिलेल्या सुनेला.

रणधीरच्या आधी तिला एक मुलगा झाला होता. मल्हार. लग्नाला वर्षही नव्हतं झालं. धोंडीबा तिच्या सख्ख्या आत्याचा मुलगा. ते लग्नही घरातलंच. मल्हार गोरापान, सगळे म्हणायचे राजाचं लेकरू. सहाव्या महिन्यापासून तो आणखी गोरा होत गेला. मग गोरेपणाची भीती वाटायला लागली. पोट वाढलं. तो बसायचा, पण उभा राहायला कंटाळायचा, भिंतीला टेकून हसायचा. सासूने दृष्ट काढली, मीठ-मिरच्या चुलीत टाकल्या. भूमच्या डॉक्टराने टॉनिक दिलं. दोन वर्षं पुरी व्हायला एकवीस दिवस होते तेव्हा तो गेला.

"समदे म्हणले, दृष्ट लागली. म्याबी तेच म्हणत आले," ती म्हणाली. "त्या दवाखान्यात दारातल्या खाटंवर तो बसला व्हता. माझा मल्हारच. कपाळ तसंच, पोट तसंच. त्या बाईला खोटं सांगून मी भाईर आले आन म्होरं तोच."

सून रडायला लागली. निकिता रडली नाही. "मग आत्याला सांग," ती म्हणाली. "फोनवर नको. जाऊन सांग."

चौथ्या दिवशी सारजाबाई एकटीच निघाली. भूमपर्यंत रणधीरने मोटारसायकलवर सोडलं, मग धाराशिव, मग लोहारा, मग माकणी. उन्हं उतरणीला लागली होती. शिवकन्या ओसरीत हरभरा निवडत होती. आईला बघून तिच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

"न सांगता? कुणाचं काय झालं का?"

"कुणाचं न्हाय. पाणी दे आधी."

शिवकन्याचे सासरे खांबाला टेकून बसले होते. त्यांनी मान हलवून "या विहीणबाई" म्हटलं आणि पुन्हा सुपारी कातरू लागले. सारजाबाई तांब्याभर पाणी प्याली. प्रस्तावना तिला कधी जमली नाही.

"शिवे, तुला एक थोरला भाऊ व्हता."

"ठाऊक हाय की. दृष्ट लागून गेलेला."

"दृष्ट न्हवती ती."

तिने सगळं सांगितलं, शेडमध्ये सांगितलं होतं तसंच, एकवीस दिवसांसकट. शिवकन्या सुपातले हरभरे बोटाने मागेपुढे करत राहिली.

सासऱ्यांनी अडकित्ता बाजूला ठेवला. "विहीणबाई, तुमच्या घरचं तुमच्या घरी ऱ्हाऊ द्या की. आमच्याकडं असलं कधी काय झालं न्हाय."

"घरचं घरी ऱ्हायलं असतं तर एवढ्या उन्हाची आले नसते, पाव्हणं. म्या ते लेकीबरोबर आंदण दिलंय तुमच्याकडं. दिसलं न्हाय, म्हणून कुणी मोजलं न्हाय."

"आई!" शिवकन्या म्हणाली.

"मोडायचं तर मोडा. पर पोरीला खोट लावू नगा. आन दुसरी पोरगी आणली तरी कुलदीपचं रक्त बघितल्याबिगर आणू नगा. दुसऱ्याच्या लेकीचं लेकरूबी लेकरूच असतंय."

कुलदीप लोहाऱ्याहून आलेला होता. नळावर हातपाय धुता धुता थांबला होता. हात तसेच ओले ठेवून तो ओसरीच्या पायरीवर आला. निकिता आठ-दहा दिवस फोन का उचलत नाही, ते त्याला आत्ता कळलं होतं.

"किती रक्त काढत्यात, आजी?"

"एक बारकी बाटली."

"जातो की मग. उद्याच जातो."

"तू गप," शिवकन्या म्हणाली. "मोठी माणसं बोलत्यात."

"आई, ट्रॅक्टर घेताना आपण काडी घालून तेल बघितलं का नाही? माझंच बघायला काय झालं?"

सासऱ्यांना हसू आलं आणि ते त्यांनी खोकल्यात घातलं. शिवकन्या हसली नाही. तिने आईच्या हातातला रिकामा तांब्या काढून घेतला आणि आत गेली. 

दुसऱ्या दिवशी सकाळी आजी-नातू धाराशिवला उतरले. कुलदीपने रक्त दिलं. सारजाबाईने हर्षालीच्या टेबलासमोर उभं राहून सांगितलं, "मागच्या बारीला मी खोटं बोलले. तुमच्या कागदावर नीट करा." हर्षालीने कागद काढला. मल्हारचं नाव लिहिलं, त्याच्यापुढे एक काळा चौकोन काढला. काळा म्हणजे आजार झालेला. तिथून वर सारजाबाई आणि धोंडीबाकडे रेघ गेली, खाली रणधीर आणि शिवकन्याकडे, मग निकिताकडे. निकिताचं वर्तुळ अर्धं काळं, अर्धं पांढरं. कुलदीपचा चौकोन रिकामा राहिला.

आठ दिवस लागतील, असं सांगितलं होतं. अकरा लागले. त्या अकरा दिवसांत कुलदीपचा फोन रोज यायचा आणि निकिता उचलायची, पण दोघं काय बोलत असतील कोण जाणे. फार वेळ बोलायचे नाहीत. रोज सकाळी उठल्या उठल्या निकिता कॅलेंडरकडे बघायची. एकदा सारजाबाईने तिला वैशाखाचं पान उलटून पुन्हा खाली सोडताना पाहिलं.

बाराव्या दिवशी तिघं त्या अरुंद खोलीत बसले. कुलदीप परस्पर लोहाऱ्याहून आला होता, दुकानाचा टी-शर्ट अंगात. हर्षालीने कागद फिरवून त्यांच्यासमोर केला. ती काही बोलायच्या आधीच निकिताने आकडा बघितला. स्वतःच्या कागदावरचा तिला पाठ झाला होता, हाही जवळजवळ तेवढाच होता.

"वाहक," हर्षाली म्हणाली.

कुलदीपने दोन्ही तळवे मांडीवर पुसले.

"लग्न करू नका असं मी म्हणणार नाही," हर्षाली म्हणाली. "तो तुमचा निर्णय. केलंत तर प्रत्येक वेळी दिवस राहिल्यावर दहा-बारा आठवड्यांत पोटातल्या बाळाची तपासणी करता येते. ती करावीच लागेल. आणि वाईट निघालं तर काय करायचं, तेही तेव्हा ठरवावं लागेल."

"करू की तपासणी," कुलदीप लगेच म्हणाला. "पुण्याला न्यावं लागलं तरी नेतो."

निकिता उठून बाहेर आली. तो मागून आला. व्हरांड्यातल्या बाकावर दोघं बसले, मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सोडून. सारजाबाई खांबाजवळ उभी राहिली. तिला बोलायचं होतं. बोलायची सवयच होती. तिने ओठ मिटून धरले.

"हे अकरा दिवस मी कसे काढले, माहितीय?" निकिता म्हणाली. "असे दिवस परत काढायचे. पोटात बाळ घेऊन. ते चांगलं निघालं की दुसऱ्याच्या येळंला परत. मला जमायचं नाही, कुलदीप. तुला जमंल, मला नाही."

साखरपुड्यापासून ती त्याला अहो-जाहो करत होती. लहानपणीचं 'तू' आपोआप आलं, दोघांच्याही लक्षात आलं.

"मी थांबतो," तो म्हणाला. "विचार कर. घाई नाही."

"केलाय. अकरा दिवस तेच केलंय." तिने नाक ओढलं. "दुसरी बघशील तिचं रक्त आधी बघ. मीपण बघणार. एवढं केलं की आपल्याला दोघांनाही काही नाही. मॅडमच म्हणाल्या."

त्याने मान हलवली. मग तो उठला, व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेला, पाण्याच्या टाकीशी उभा राहिला आणि नळ सुरू करून तोंडावर पाणी मारत राहिला. त्याच्या खिशातला फोन वाजत होता. परत आला तेव्हा त्याने तो सारजाबाईच्या हातात दिला. "आई हाय. मला नाही सांगता येणार."

"शिवे," सारजाबाई फोनमध्ये म्हणाली. "हाय. त्याच्यातबी हाय."

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"शब्द म्या दिला व्हता. म्याच माघारी घेते. तुझ्या मामंजींना सांग, सारजाबाईनं मोडलं. पोरीनं न्हाय, पोरानं न्हाय. पाव्हण्यारावळ्यांना मीच सांगते एकेकाला. आन तूबी रक्त देऊन ये. धाकट्या लेकीचंबी बघ. तिचं अजून कुठं ठरवलं न्हाईस न्हवं?"

"न्हाय," शिवकन्या म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक होता की सारजाबाईने फोन कानात दाबला. "आई, माझ्या पोराला काय व्हणार न्हाय ना?"

"काय व्हत न्हाय. तो बरा हाय. इथं नळाखाली डोकं घालून उभा हाय."

स्थानकावर लोहाऱ्याची गाडी आधी लागली. कुलदीप चढला, खिडकीशी बसला. निकिताने हात वर केला, त्यानेही केला. गाडी वळून दिसेनाशी झाल्यावर ती भूमच्या फलाटाकडे चालू लागली, आणि सारजाबाई तिच्या मागे, फाइल छातीशी धरून. पुढे काय होईल ते तिला दिसत नव्हतं. कोण काय विचारेल, ठरलेलं लग्न मोडलेल्या मुलीला कोण येईल, येणाऱ्याला रक्त तपास म्हणावं तर तो दारातूनच परत जाईल का, हे सगळं आता सुरू होणार होतं.

गाडीत दोघींना शेवटच्या बाकावर जागा मिळाली. येडशी मागे पडलं. निकिता खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "आजी, पुढच्या येळंला शब्द द्यायच्या आधी मला विचार."

सारजाबाईने तिच्याकडे बघितलं. एकवीस वर्षांत हे कुणी तिला म्हटलं नव्हतं, आणि तिलाही कधी सुचलं नव्हतं.

"इचारते," ती म्हणाली.